आयकर सुधारणा आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्ट्यातील मध्यमवर्गीय कुटुंबे

भारतातील वैयक्तिक आयकराच्या रचनेत २०२० ते २०२५ या काळात मोठे बदल झाले. बचत व गृहकर्जावरील वजावटींच्या आधारे कर कमी करण्याची जुनी पद्धत मागे पडून, कमी दरांची परंतु बहुतेक वजावटी नसलेली नवी करप्रणाली मुख्य झाली. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा पगारदार कुटुंबांचा असल्याने या बदलांचे परिणाम येथे ठळकपणे दिसतात. मात्र ते सर्व कुटुंबांवर सारखे नाहीत. कुटुंबात कमावत्या व्यक्ती किती आहेत, नोकरी कायम आहे की कंत्राटी, घर कर्जाचे आहे की भाड्याचे आणि वेतनवाढीची रक्कम कोणत्या वर्षी हाती पडते, यांवर लाभाचे प्रमाण अवलंबून असते.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी परिसरात वाहन उद्योग आणि त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने वाढले. कामगारांच्या निवासाची गरज लक्षात घेऊन १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. १९८२ मध्ये नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे पुणे–नाशिक महामार्गावरील चाकण परिसरात बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ आदी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. हिंजवडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे पट्ट्यातील पगारदार वर्गात आणखी भर पडली.

या वर्गाचे आर्थिक नियोजन दीर्घकाळ आयकर अधिनियम, १९६१ मधील वजावटींभोवती फिरत होते. कलम ८० सी नुसार भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, मुलांचे शिक्षण शुल्क व गृहकर्जाची मुद्दल यांसाठी एकत्रित १.५ लाख रुपयांपर्यंत, तर कलम २४ नुसार स्वतःच्या राहत्या घरासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. घरभाडे भत्ता व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरही सवलत आहे. कंपनीच्या लेखा विभागाकडे गुंतवणुकीचे पुरावे सादर करणे हे त्यामुळे दर वर्षअखेरचे ठरलेले काम झाले होते.

कररचनेतील बदल

वित्त अधिनियम, २०२० द्वारे कलम ११५ बीएसी समाविष्ट होऊन आर्थिक वर्ष २०२०-२१ पासून नवी करप्रणाली ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. २०२३-२४ पासून ती मूळ प्रणाली ठरली. म्हणजे करदात्याने जुना पर्याय निवडला नाही, तर नवी प्रणाली आपोआप लागू होते. त्याच वर्षी पगारदारांसाठी ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट नव्या प्रणालीतही देण्यात आली. २०२४-२५ पासून ती ७५,००० रुपये झाली.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पानुसार २०२५-२६ साठी नव्या प्रणालीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत:

• ४ लाख रुपयांपर्यंत – कर नाही
• ४ ते ८ लाख – ५ टक्के
• ८ ते १२ लाख – १० टक्के
• १२ ते १६ लाख – १५ टक्के
• १६ ते २० लाख – २० टक्के
• २० ते २४ लाख – २५ टक्के
• २४ लाखांपेक्षा अधिक – ३० टक्के

करावर ४ टक्के उपकर आकारला जातो. करपात्र उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असल्यास कलम ८७ अ नुसार कमाल ६०,००० रुपयांची करसूट मिळते आणि कर शून्य होतो. प्रमाणित वजावट धरता पगारदारासाठी ही मर्यादा १२.७५ लाख रुपये होते. या बदलांमुळे प्रत्यक्ष करांच्या महसुलात सुमारे १ लाख कोटी रुपयांची घट होईल, असा अंदाज अर्थसंकल्पात देण्यात आला होता.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या आयकर अधिनियम, २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. या अधिनियमात ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या दोन संज्ञांऐवजी ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा योजली आहे.

पगारदार कुटुंबांवरील परिणाम

गृहकर्ज व घरभाडे

वार्षिक १२.७५ लाख रुपये पगार, गृहकर्जाचे २ लाख रुपये व्याज, कलम ८० सी ची पूर्ण १.५ लाखांची बचत, २५,००० रुपयांचा आरोग्य विमा हप्ता आणि २,५०० रुपये व्यवसाय कर असे उदाहरण घेतल्यास, २०२५-२६ मध्ये जुन्या प्रणालीत ८५,२८० रुपये कर येतो. नव्या प्रणालीत तो शून्य असतो. पगार २० लाख रुपये आणि वजावटी याच असतील, तर जुन्या प्रणालीत २,९५,६२० रुपये व नव्या प्रणालीत १,९२,४०० रुपये कर लागतो. या पगारावर जुनी प्रणाली फायदेशीर ठरण्यासाठी प्रमाणित वजावटीसह एकूण वजावटी सुमारे ७.५८ लाख रुपयांहून अधिक असाव्या लागतात. मोठे गृहकर्ज किंवा मोठे घरभाडे नसलेल्या कुटुंबाला एवढ्या वजावटी सहसा मिळत नाहीत.

घरभाडे भत्त्याची सूट केवळ जुन्या प्रणालीत मिळते. आयकर नियम, १९६२ नुसार मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार शहरांसाठी सूट मोजताना वेतनाच्या ५० टक्क्यांची, तर इतर ठिकाणांसाठी ४० टक्क्यांची मर्यादा धरली जात असे. या नियमांत पुणे व पिंपरी-चिंचवड यांचा समावेश दुसऱ्या गटात होता. त्यामुळे वाकड किंवा रावेत येथे भाड्याने राहणाऱ्या नोकरदाराची सूट मुंबईतील समान पगाराच्या नोकरदारापेक्षा कमी असू शकत असे.

एक व दोन उत्पन्नांची कुटुंबे

भारतात आयकर कुटुंबावर नव्हे, तर व्यक्तीवर आकारला जातो. पती व पत्नी या दोघांचा पगार प्रत्येकी १२.७५ लाख रुपये असल्यास एकूण २५.५ लाखांवर काहीही कर लागत नाही. तेवढाच पगार एकटीच व्यक्ती कमावत असेल, तर नव्या प्रणालीत ३,३५,४०० रुपये कर भरावा लागतो. एकाच्या कमाईवर आईवडील व मुलांचा भार असलेल्या कुटुंबाला या रचनेत वेगळी सवलत नाही.

वेतनकरार आणि फरकाची रक्कम

पट्ट्यातील संघटित कारखान्यांत कामगार संघटना व व्यवस्थापन यांच्यात ठरावीक वर्षांसाठी वेतनवाढ करार होतात. वाटाघाटी लांबल्यास करार मागील तारखेपासून लागू केला जातो आणि पगाराच्या फरकाची रक्कम एकदम मिळते. ही रक्कम, जर पूर्वी देय म्हणून तिच्यावर कर आकारला गेला नसेल, तर ती ज्या वर्षी मिळते त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. १२ लाख रुपयांच्या मर्यादेमुळे अशा वर्षी कराचा भार अचानक वाढू शकतो.

उदाहरणार्थ, २०२५-२६ मध्ये १२ लाख रुपये पगार असलेल्या कामगाराला नव्या प्रणालीत कर लागत नाही. त्याच वर्षी त्याला २०२४-२५ चा १.५ लाख रुपयांचा फरक मिळाल्यास करपात्र उत्पन्न १२.७५ लाख होते, करसूट लागू राहत नाही आणि उपकरासह ७४,१०० रुपये कर येतो. २०२४-२५ मध्ये त्याचा पगार ११ लाख रुपये होता असे धरल्यास, ही रक्कम त्याच वर्षी मिळाली असती तर त्या वर्षाचा कर केवळ २३,४०० रुपयांनी वाढला असता. अशी तफावत भरून काढण्यासाठी १९६१ च्या अधिनियमातील कलम ८९ मध्ये सवलतीची तरतूद आहे. ती मिळवण्यासाठी विवरणपत्रापूर्वी नमुना १० ई ऑनलाइन सादर करावा लागतो. तो सादर न केल्यास सवलत नाकारली जाऊ शकते.

करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेल्यास सीमांत सवलत लागू होते. त्यानुसार उपकरापूर्वीचा कर हा १२ लाखांवरील जादा उत्पन्नापेक्षा अधिक आकारला जात नाही. करपात्र उत्पन्न १२.१० लाख असल्यास टप्प्यांनुसार ६१,५०० रुपये कर येतो, परंतु प्रत्यक्षात १०,००० रुपये व त्यावरील उपकर एवढाच द्यावा लागतो.

कंत्राटी व अल्पवेतनी कामगार

कारखान्यांतील कंत्राटी कामगार व प्रशिक्षणार्थींपैकी ज्यांचे उत्पन्न आधीच करमुक्त मर्यादेत होते, त्यांना आयकरातील सवलतीचा थेट लाभ होत नाही. राज्याच्या १९७५ च्या अधिनियमानुसार व्यवसाय कर मात्र त्यांच्याही पगारातून कापला जातो. मासिक १०,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुषांसाठी तो वर्षाला २,५०० रुपये असतो. १ एप्रिल २०२३ पासून मासिक २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना या करातून सूट आहे. परिणामी महिना १५,००० रुपये मिळवणारा कामगार आणि वर्षाला १२ लाख रुपये मिळवणारा अभियंता समान व्यवसाय कर भरतात. आयकर मात्र दोघांनाही लागत नाही.

लघुउद्योजक

भोसरी, तळवडे व चिखली परिसरातील लहान कार्यशाळांचे मालक हाही येथील मध्यमवर्गाचा भाग आहे. कलम ४४ एडी नुसार २ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या पात्र व्यवसायाला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा गृहीत धरून कर भरता येतो. रोख व्यवहार ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ही मर्यादा ३ कोटी रुपये आहे. पगारदाराला दरवर्षी दोन्हींपैकी कोणतीही प्रणाली निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्या व्यक्तीला मात्र नव्या प्रणालीतून बाहेर पडल्यानंतर तीत एकदाच परतता येते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून कलम ४३ बी मधील दुरुस्तीनुसार, सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी विहित मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत वजा करता येत नाही. लेखी करार असल्यास ही मुदत कमाल ४५ दिवसांची आहे.

जमीनधारक कुटुंबे

चाकण, मोशी व खेड तालुक्यातील अनेक कुटुंबांत नोकरीबरोबर शेतजमीनही असते. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असले, तरी ते ५,००० रुपयांहून अधिक असल्यास इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना विचारात घेतले जाते. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडील ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरासाठी हे अंतर ८ किलोमीटर आहे. इतर जमिनीच्या विक्रीवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे. विशेष दराने करपात्र असलेल्या अशा नफ्यावर नव्या प्रणालीतील १२ लाखांपर्यंतची करसूट मिळत नाही.

बचत, खर्च व मागणी

जुन्या प्रणालीत कर वाचवण्याच्या निमित्ताने विमा, भविष्य निर्वाह निधी व मुदत ठेवी यांत रक्कम गुंतत असे. नव्या प्रणालीत हे निमित्त उरत नाही. वाचलेला कर रोख स्वरूपात हाती येतो व त्याचा वापर कुटुंबाच्या निर्णयावर अवलंबून राहतो. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत नियोक्त्याने भरलेल्या अंशदानावर मात्र मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट नव्या प्रणालीतही मिळते.

वाहन उद्योगावर अवलंबून असलेल्या या पट्ट्यात मध्यमवर्गाची वाढलेली क्रयशक्ती रोजगाराशीही जोडलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी व ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. येथील कुटुंब अशा वाहनांचे ग्राहक असते, आणि त्याच वेळी त्याचे उत्पन्न त्या वाहनांच्या उत्पादनातून येत असते.

विवरणपत्र व अनुपालन

कर शून्य असला तरी विवरणपत्र भरण्याची जबाबदारी संपत नाही. एकूण उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास ते भरावे लागते, आणि करसूट विवरणपत्रात हिशेबाला येते. विवरणपत्रांची प्रक्रिया बेंगळुरू येथील केंद्रात होते. मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून खोट्या वजावटी नोंदवणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध आयकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभर १५० ठिकाणी पडताळणी केली. चुकीच्या दाव्याचा कर, व्याज व दंड यांची जबाबदारी मध्यस्थावर नव्हे, तर ज्याच्या नावे विवरणपत्र आहे त्या करदात्यावर येते.

हेही पहा

• आयकर
• व्यवसाय कर
• वस्तू व सेवा कर
• महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
• पिंपरी-चिंचवड
• चाकण