विमान इंजिन तंत्रज्ञ प्रशिक्षण

विमान इंजिन तंत्रज्ञ प्रशिक्षण हे विमानाच्या इंजिनाची तपासणी, देखभाल व दुरुस्ती शिकविणारे व्यवसाय प्रशिक्षण होय. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारा तंत्रज्ञ आणि ते काम प्रमाणित करणारा परवानाधारक विमान देखभाल अभियंता, असे दोन स्तर आहेत. नागरी विमान देखभालीनंतर पुन्हा सेवेत सोडण्यासाठी परवानाधारकाची स्वाक्षरी आवश्यक असते.

परवाना

भारतात हा परवाना विमान नियम, १९३७ मधील नियम ६१ नुसार नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. इंजिनाचे काम मुख्यतः ‘बी१’ वर्गात येते. त्यातील बी१.१ हा टर्बाइन विमानांसाठी, तर बी१.२ हा पिस्टन विमानांसाठी असतो, बी१.३ व बी१.४ हे हेलिकॉप्टरसाठी आहेत. प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांसह बारावी किंवा समकक्ष पात्रता लागते. प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. त्यासाठी महासंचालनालयाच्या परीक्षा उत्तीर्ण होणे आणि प्रत्यक्ष विमानांवरील कामाचा विहित अनुभव मिळविणे आवश्यक असते. म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेस महासंचालनालयाची मान्यता आहे का व ती कोणत्या वर्गासाठी आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

अभ्यासक्रम

टर्बाइन इंजिनातील संपीडक, ज्वलनकक्ष व टर्बाइन यांची रचना, धातू व जोडसाहित्य, विमानविषयक कायदे आणि मानवी चुकांची कारणे हे अभ्यासाचे प्रमुख विषय आहेत. प्रात्यक्षिकांत बोअरस्कोपने इंजिनाची अंतर्गत तपासणी, ठरावीक बलाने बोल्ट आवळणे, सुरक्षा तार बांधणे आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवणे शिकविले जाते. काम संपल्यावर हत्यारे मोजून घेण्याची शिस्त अनिवार्य असते; इंजिनात राहिलेला लहानसा पानाही अपघातास कारण ठरू शकतो.

रत्नागिरीतील विद्यार्थ्यांसाठी मार्ग

दहावीनंतर रत्नागिरीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारीसारखा व्यवसाय शिकून पुढे शिकाऊ उमेदवारी करता येते. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स असे उमेदवार घेते. परवान्याच्या अभ्यासक्रमासाठी मुंबई जवळ पडते. तेथील जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली असून, तेथे विमान देखभालीचे शिक्षणही दिले जाते. रत्नागिरी विमानतळावर भारतीय तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. संरक्षण दलांतील तंत्रज्ञांचे प्रशिक्षण त्या-त्या दलाच्या नियमांनुसार होते; त्यातून नागरी परवाना आपोआप मिळत नाही.

किनारपट्टीवरील खारी हवा संपीडकाच्या पात्यांवर क्षार साठवून गंज आणते. त्यामुळे समुद्रालगत वापरल्या जाणाऱ्या इंजिनांचे संपीडक वरचेवर पाण्याने धुणे हा देखभालीचा महत्त्वाचा भाग असतो.