नवा माऊस, नवखा हात

संगणकाचा माऊस बदलला, की आपला हात अडखळतो आणि आपण नव्या माऊसला नावे ठेवतो. पण पहिल्या दिवशीचा हा निकाल कितपत खरा?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४च्या सुमारास डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला. लाकडी ठोकळा, तळाशी काटकोनात दोन चाके, वर एक बटण. पडद्यावरची खूण हलवायला प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, गुडघ्याने हलवायचा दांडा अशी इतर साधनेही होती. या साऱ्यांची तुलना १९६७ साली प्रसिद्ध झाली. नवख्यांना प्रकाशलेखणी आणि गुडघ्याचा दांडा माऊसपेक्षा जलद वापरता आला. सरावलेल्यांच्या हाती मात्र माऊसच सर्वांत जलद ठरला, चुकाही त्यानेच कमी झाल्या.

असे का? लेखणी थेट पडद्यावर टेकते. माऊस सरकतो टेबलावर आणि खूण हलते पडद्यावर. या दोहोंचे प्रमाण हाताला सरावानेच कळते. माऊस बदलला, की ते पुन्हा शिकावे लागते.

केवळ नवख्यांचीच चाचणी घेतली असती तर? वर्गात नवे साधन आणल्यावर पहिल्याच तासाला आपण नेमके काय मोजतो, साधनाचा गुण की सरावाचा अभाव?