मनोरीच्या किनाऱ्यावरचे तीन धडे

सातवी-आठवीच्या इतिहासात पोर्तुगीज एका धड्यात येतात, मराठ्यांचा विस्तार दुसऱ्यात आणि इंग्रजी सत्ता तिसऱ्यात. परीक्षेपुरते हे कप्पे सोयीचे आहेत. पण मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीत बसून खाडी ओलांडली, की पलीकडच्या मनोरीत हे तिन्ही धडे एकाच गावठाणात वाचता येतात.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीत होता. समुद्रावर बळ असलेल्या पोर्तुगीजांची मैत्री त्याला हवी होती, आणि तिची किंमत म्हणून डिसेंबर १५३४ च्या तहात त्याने वसई आणि तिच्याभोवतालची बेटं त्यांना देऊन टाकली. उत्तरेतल्या एका मोहिमेचा परिणाम मनोरी-गोराईच्या कोळी-कुणब्यांच्या आयुष्यावर असा झाला. मिशनरी आले, अनेक कुटुंबांचा धर्म बदलला, आडनावं बदलली. १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, तरी साष्टी आणि हा किनारा पोर्तुगीजांकडेच राहिला.

अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी पोर्तुगीज जुलमाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागितली होती. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली. मनोरी ज्या बेटावर आहे, त्याच बेटावरचा धारावीचा किल्ला वसईच्या खाडीवर नजर ठेवून होता, म्हणून त्यासाठी जबर झुंज झाली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली, १७२१ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा या विजयाची खूण मानली जाते.

मराठ्यांचा अंमल इथे जेमतेम पस्तीस वर्षं टिकला. पुण्यात पेशवाईचा वारसा-वाद पेटला होता. त्या संधीत डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

राज्यकर्ते एकामागून एक बदलले, आणि गावकरी मात्र तिथेच राहिले, ही गोष्ट धड्यांत क्वचितच येते. ख्रिस्ती झालेल्या घरांतही मराठीचीच बोली चालू राहिली. बायकांचं लुगडं टिकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायचा ‘उंबराचं पाणी’ हा विधीही टिकला.

या समाजाचं आजचं नाव त्या मानाने नवं आहे. रेल्वे आणि कचेऱ्यांमुळे गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती लोक मुंबईत नोकरीसाठी येऊ लागले. त्यांच्यापासून आपण वेगळे, मूळचे इथले आणि कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे ठसवण्यासाठी स्थानिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि संस्था स्थापली. नागरिकशास्त्राच्या तासाला ओळख आणि हक्क शिकवताना याहून जवळचं उदाहरण मुंबईच्या शिक्षकांना मिळणार नाही.

मनोरीत या समाजाने आपली जुनी लुगडी, दागिने, भांडी आणि शेतीची अवजारं जपणारं छोटं संग्रहालय उभं केलं आहे. मुंबईतल्या शाळांनी सातवीची सहल तिथे न्यावी, आणि मुलांनी आधी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून उंबराच्या पाण्याबद्दल विचारावं. सालबाईचा तह त्यानंतर फळ्यावर लिहिला तरी चालेल.