तंजावरची झोळी

एग्मोरचे रेल्वे स्थानक १९०८ साली उभे राहिले. तेव्हापासून या शहरातील कितीतरी मराठी कुटुंबांनी तंजावरची वाट तेथूनच धरली. तंजावर म्हटले की आम्हांला व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल आणि १८५५ पर्यंत टिकलेली गादी आठवते. सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी त्या वैभवाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मराठी माणसाने तलवारीमागोमाग तेथे आणखी एक वस्तू नेली होती, ती म्हणजे झोळी. तिचे स्मरण आम्ही क्वचितच करतो.

तंजावरात मराठी राज्य आले, तसा समर्थ रामदासांचा संप्रदायही कावेरीकाठी पोहोचला. भीमस्वामी, अनंतमौनी यांच्यासारख्या सत्पुरुषांनी तेथे मठ चालविले. रामदाशाची भिक्षा म्हणजे केवळ उदरभरण नव्हे. 'दासबोधा'च्या चौदाव्या दशकातील दुसरा समास भिक्षेलाच वाहिलेला आहे. पुष्कळ भिक्षा पुढे आली तरी मूठभरच घ्यावी, वार लावून जेवणारा पराधीन होतो, आठ दिवसांचे धान्य साठविले की नित्यनूतनता संपते, असे समर्थ तेथे बजावतात. यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. एकाच दात्यावर विसंबणारा त्याचा मिंधा होतो. उद्याची चिंता रामावर सोपविणारा निर्भय राहतो. शिवाय अनोळखी उंबऱ्यापाशी रोज उभे राहिले की विद्येचा आणि कुळाचा ताठा आपोआप उतरतो.

तमिळ भूमीलाही हे व्रत परके नव्हते. तेथे त्याला उंछवृत्ती म्हणत. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे भजन गात रस्त्याने जावे आणि मिळेल त्या तांदळावर तो दिवस काढावा, अशी रीत रूढ झाली. तिरुवैयारूचे त्यागराजस्वामी (१७६७–१८४७) असेच जगले. सरफोजीराजांनी त्यांना दरबारी बोलावणे धाडले आणि त्यांनी ते नाकारले, असे परंपरा सांगते. देऊ करणारा राजा मराठी आणि नाकारणारा तेलुगूभाषक. तरी त्या नकाराचा अर्थ कोणाही रामदाशाला तत्काळ कळला असता.

अर्थात इतिहास एवढा सोपा नसतो. मठांना राजाश्रय लाभला. आणि इनामाचे धान्य कोठारात येऊ लागले की झोळीचे व्रत राखणे कठीण होते. तसेच उपासमारीने लादलेले दारिद्र्य आणि स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य यांची गल्लत करू नये. पहिल्याचे निवारण करावयाचे असते; दुसऱ्यापुढे नम्र व्हावयाचे असते. आणि त्या झोळीत मूठ रिकामी करणाऱ्या, नाव मागे न राहिलेल्या गृहिणींनाही विसरू नये.

आम्ही नोकरी-व्यवसायासाठी घर सोडून आलेली माणसे. उद्याची तरतूद करणे हाच आमचा धर्म. झोळी घेणे आम्हांस झेपणारे नाही. तथापि येथे आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनाही प्रथम कोणा परभाषक शेजाऱ्याच्या दारी उभे राहावेच लागले होते. तेव्हाची नम्रता आज आमच्या अंगी कितपत उरली आहे?

दर पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूच्या रस्त्यांतून उंछवृत्तीचे भजन आजही निघते. सरस्वती महाल पाहावयास जाणाऱ्यांनी ती वाटही एकदा चालून पाहावी.