इमारतींच्या ऊर्जाकार्यक्षमतेचे नियम : राज्यशासन व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या अधिकारांचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : वाशिम जिल्हा)

प्रस्तावना :
एखादी इमारत तिच्या आयुष्यात किती वीज वापरणार, हे बहुतांशी तिच्या आराखड्यातच ठरून जाते. भिंतींची जाडी, छपराचा प्रकार, खिडक्यांची दिशा आणि सावलीची सोय यांवर घरातील उष्णता अवलंबून असते व त्या उष्णतेवर पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे यांचा वापर अवलंबून असतो. हा आराखडा मंजूर करण्याचे काम शहरात नगरपरिषद करते. परंतु ज्या नियमांनुसार तो मंजूर होतो, ते नियम करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वेगळा आहे. प्रस्तुत लेखात वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

वऱ्हाडातील बांधकामाची परंपरा :
वऱ्हाडात लेखी नियमांच्या आधीपासून हवामानानुरूप बांधकामाचे संकेत रूढ होते. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, धाब्याची किंवा कवेलूची छपरे, लहान खिडक्या आणि अंगणातील झाड ही त्या संकेतांची ठळक लक्षणे होत. गावोगावच्या गढ्यांचे अवशेष आजही त्याची साक्ष देतात. हे ज्ञान स्थानिक गवंडी व सुतार यांच्याकडे होते. सिमेंटचा स्लॅब आणि टिनपत्रे यांचा प्रसार झाल्यावर ते मागे पडले. मात्र त्याची जागा घेणारा हवामानविषयक नियम नगरपालिकांच्या दप्तरात आला नाही.

उपविधींकडून प्रमाणित नियमावलीकडे :
वऱ्हाड मध्यप्रांताच्या प्रशासनाखाली असताना मध्यप्रांत नगरपालिका अधिनियम १९२२ नुसार नगरपालिकांना बांधकामविषयक उपविधी करता येत. मात्र त्यांना प्रांतिक सरकारची मंजुरी आवश्यक असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राची स्थापना झाली. त्यानंतर महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५ आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ यांनी राज्यभर एकसारखी चौकट निर्माण केली. १९६६ च्या अधिनियमाने नगरपरिषदेला 'नियोजन प्राधिकरण' हा दर्जा दिला, तरी विकास योजना व तिच्यातील फेरबदल यांना अंतिम मंजुरी देण्याचा अधिकार शासनाकडेच राहिला.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगररचना आणि इमारत बांधकामाचे नियमन या विषयांचा समावेश केला. तथापि अनुच्छेद २४३-डब्ल्यू नुसार हे अधिकार राज्य विधिमंडळ कायद्याने 'देऊ शकेल'. ते देणे त्यावर बंधनकारक नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा येथील नगरपरिषदांच्या वाट्याला अशी मर्यादित स्वायत्तता आली होती.

ऊर्जा कायद्याची दुसरी वाट :
ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ ने इमारतींच्या नियमनात एक नवा प्रवाह आणला. संहिता केंद्राने करावी आणि प्रादेशिक व स्थानिक हवामानानुसार तीत राज्याने बदल करावा, अशी या कायद्याची रचना आहे. त्यानुसार ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये जाहीर झाली व २०१७ मध्ये सुधारण्यात आली. महाराष्ट्रात या कायद्यासाठी पदनिर्देशित संस्था 'महाऊर्जा' ही आहे.

येथे एक विसंगती दिसून येते. कायद्यात 'स्थानिक हवामान' हे शब्द आहेत, परंतु बदलाचा अधिकार राज्यापाशीच थांबतो. शिवाय ऊर्जेचा नियम एका विभागाकडून येतो, तर बांधकाम परवानगीचा नियम नगरविकास विभागाकडून. दोन्हींची गाठ पडते ती नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात, आणि या दोहोंपैकी एकाही नियमाचे कर्तृत्व त्या विभागाकडे नसते.

एकरूपतेचा टप्पा :
राज्यशासनाने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू झाली. यासाठी १९६६ च्या अधिनियमातील कलम ३७ (१कक) चा आधार घेण्यात आला. या तरतुदीनुसार शासन स्वतःहून फेरबदल करू शकते. नगरपरिषदेने प्रस्ताव करण्याची आवश्यकता राहत नाही. रुग्णालये, हॉटेले, वसतिगृहे यांसारख्या इमारतींसाठी सौर पाणी तापन यंत्रणेची तरतूद तीत आहे.

या एकरूपतेचे समर्थनही करता येते. लहान नगरपरिषदांकडे तज्ज्ञ अभियंते मोजके असतात. गावागणिक वेगळे नियम असल्यास गोंधळ व मनमानी यांना वाव मिळतो. पुणे महानगरपालिकेने सौर यंत्रणा बसविणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत दिली. तेवढी आर्थिक क्षमता कारंजा किंवा रिसोड येथील नगरपरिषदेकडून अपेक्षित धरता येत नाही.

वाशिमसमोरील प्रश्न :
२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून नागरी लोकसंख्येचे प्रमाण सुमारे १७.७ टक्के आहे. केंद्रीय अधिनियमाचा रोख १०० किलोवॉट वा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींवर आहे. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही कक्षेत आणले व ही मर्यादा कमी करण्याची मुभा राज्यांना दिली. तरीही टिनपत्र्याचे किंवा एकमजली स्लॅबचे सामान्य घर, ज्यात उन्हाळ्याची खरी झळ बसते, या चौकटीबाहेर राहते. ग्रामीण भागात तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ नुसार परवानगीचा विषय ग्रामपंचायतीकडे येतो. तेथे ऊर्जेचा विचार क्वचितच पोहोचतो.

अमेरिकेतील दोन राज्यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. कॅलिफोर्नियात राज्याची संहिता किमान मर्यादा मानली जाते आणि राज्य ऊर्जा आयोगाच्या मान्यतेने शहरांना अधिक कडक नियम करता येतात. उलट वॉशिंग्टन राज्याने निवासी इमारतींसाठी राज्याची संहिता हीच किमान व कमालही ठरविली. महाराष्ट्राची वाटचाल दुसऱ्या प्रतिमानाकडे झुकलेली दिसते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वाशिमसारख्या जिल्ह्यात राज्य व स्थानिक संस्था यांच्यात अधिकारांचा उघड संघर्ष झालेला नाही. नियम करणे आणि नियम राबविणे यांची फारकत मात्र झाली आहे. जो नियम करतो त्याला वाशिमचा मे महिना सोसावा लागत नाही आणि ज्याला तो सोसावा लागतो त्याच्या हाती नियम नाही. राज्याने किमान मर्यादा निश्चित करावी, तांत्रिक साहाय्य जिल्हास्तरावर उपलब्ध करून द्यावे आणि छप्पर, सावली व वायुवीजन यांपुरते पूरक उपविधी करण्याची मोकळीक नगरपरिषदांना द्यावी, हा मध्यममार्ग घटनादुरुस्तीच्या हेतूशी सुसंगत ठरेल. १९२२ च्या कायद्याने मंजुरीच्या अटीवर का होईना, उपविधी सुचविण्याचा जो पुढाकार नगरपालिकांना दिला होता, तो आज त्यांना नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही.