रेशमी वस्त्राच्या दशा : विणीचे आयुष्य टिकवणारी गाठ

पिंपरी-चिंचवड महापालिकेने महिला बचत गटांसाठी भरविलेल्या पवनाथडी जत्रेसारख्या उपक्रमांमुळे हस्तकलेच्या वस्तूंची ओळख उद्योगनगरीला झाली आहे. हातमागाचा स्टोल वा ओढणी घेताना ग्राहक नक्षी आणि जर निरखून पाहतात. दोन्ही टोकांना लोंबणारे धागे, म्हणजेच 'दशा', मात्र दुर्लक्षित राहतात. वस्त्राची वीण टिकणार की उसवणार, हे बऱ्याच अंशी याच दशांच्या बांधणीवर ठरते.

दशा का राहतात?
हातमागावर उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. ताण्याचा शेवटचा भाग फणीच्या मागे अडकलेला असल्याने तेथवर धोटा पोहोचू शकत नाही. तो न विणताच कापावा लागतो. टोकाच्या बाण्याला अडविणारे काही नसल्यास तो वापरात आणि धुण्यात एकेक करून निसटू लागतो.

लोकरीचे धागे खरखरीत असल्याने एकमेकांना धरून राहतात. तुतीच्या रेशमाचे तसे नाही. एका कोशातून शेकडो मीटर लांबीचा अखंड, गुळगुळीत तंतू निघतो. त्यामुळे साधी गाठ सैल होऊन सरकते. विदर्भातील टसरचे हाताने काढलेले 'घिचा' सूत जाडेभरडे असल्याने त्याची गाठ तुलनेने पक्की बसते. येवल्याच्या पैठणी विणीत रेशमासोबत जरही असते. गाठ जोराने ओढल्यास जर वाकते व तिचा मुलामा खरवडला जातो.

बांधणीची पद्धत
वस्त्र मागावर ताणलेले असतानाच कडेला सुईने गुंफण टाका घालणे सर्वांत सुरक्षित ठरते. त्यासाठी वस्त्राच्या रुंदीच्या सुमारे चौपट लांबीचा, त्याच सुताचा धागा घ्यावा. प्रत्येक टाक्यात ताण्याचे समान धागे घेऊन तो शेवटच्या दोन-तीन बाण्यांत गुंतवावा.

त्यानंतर पिळाच्या दशा कराव्यात. शेजारच्या दोन जुड्या वेगवेगळ्या, पण एकाच दिशेने पिळाव्यात. मग दोन्ही एकत्र धरून उलट दिशेने वळू द्याव्यात. दोन्ही पीळ परस्परांना अडवीत असल्याने दशा उलगडत नाही. टोकाला गाठ मारताना बोटे किंचित ओली करावीत आणि गाठ झटका न देता हळूहळू आवळावी. पिळात व गाठीत लांबी खर्ची पडते. म्हणून १० सेंटिमीटरची दशा हवी असल्यास सुमारे १५ सेंटिमीटर धागा राखावा. टोके पहिल्या धुण्यानंतरच पट्टी ठेवून एका रेषेत कापावीत.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तथापि असा दर्जा विणीच्या ओळखीचे रक्षण करतो. टोकाचा धागा सांभाळण्याचे काम हातालाच करावे लागते. शहरात फॉल-पिको करणाऱ्या महिला पदराला गोंडेही करून देतात. या वेळखाऊ कामाचा मोबदला वस्त्राच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. तो वाचविण्यासाठी दशा मोकळ्या सोडल्यास कित्येक दिवसांची विणाई पणाला लागते.

खरेदी करताना दशा अलगद ओढून पाहाव्यात. गाठ सरकल्यास वापरण्यापूर्वीच ती बांधून घ्यावी. घरी धुण्याजोगे साधे रेशीम रिठ्याच्या थंड पाण्यात धुवावे, पिळू नये व सावलीत वाळवावे. जरीचे वस्त्र ड्रायक्लीनिंगला देणेच इष्ट.