बुद्ध्यंक नेमका कोणासाठी जन्मला?

१/ बुद्ध्यंक म्हटले की हुशारीची स्पर्धा आठवते. परंतु ज्या कसोटीतून ही कल्पना निघाली, ती हुशार मुले निवडण्यासाठी रचलेलीच नव्हती. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी, हा तिचा हेतू होता. मित्रहो, आजचा धागा त्या कसोटीच्या प्रवासाचा.

२/ फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने ६ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. एरवी शेतात वा कारखान्यात गेली असती अशी मुलेही बाकांवर आली. शिकवण्याची गती मात्र सर्वांना एकच होती आणि अनेकांना ती झेपेना.

३/ अशा मुलांचा विचार करण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने तिचे सदस्य होते. वेगळे वर्ग काढायचे, तर त्यांत कोणाला पाठवायचे? केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबले, तर एखादे खोडकर मूल नकोसे झाले म्हणून तिकडे ढकलले जाईल, हा धोका बिने यांनी ओळखला.

४/ म्हणून १९०५ मध्ये बिने आणि थिओडोर सायमन यांनी ३० प्रश्नांची कसोटी तयार केली. पहिली कृती अगदी साधी: पेटती काडी हलवली असता मूल नजरेने तिचा माग घेते का? पुढे चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, दोन शब्दांतील फरक सांगणे, अशी काठिण्यपातळी चढत जाई. शाळेत शिकवलेल्या धड्यांवर तिचा भर नव्हता.

५/ निदान ही बिने यांच्या दृष्टीने केवळ पहिली पायरी होती. फळा नीट न दिसणारे मूल ‘ढ’ ठरू नये, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची दृष्टी तपासण्यावर भर दिला. अवधान वाढवण्यासाठी ‘मानसिक व्यायाम’ सुचवले. त्यांतला एक म्हणजे पुतळ्याचा खेळ: इशारा होताच निश्चल उभे राहायचे आणि हा काळ दिवसेंदिवस वाढवायचा. आधी शिकावे कसे हे शिकवा, मग व्याकरण, असा त्यांचा आग्रह होता.

६/ बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, या मताला त्यांनी १९०९ च्या ग्रंथात कडाडून विरोध केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विशेष वर्गांचा कायदा झाला. १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, बिने निवर्तले.

७/ अमेरिकेत कसोटी पोहोचली, हेतू मागे राहिला. हेन्री गॉडार्ड यांनी ती भाषांतरित केली. बुद्धी आनुवंशिक आहे, हे त्यांचे ठाम मत होते. जर्मन विद्वान विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली. लुईस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत तिला १०० ने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. परिणाम भीषण झाला: १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या एका तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. पुराव्यात तिचे ‘मानसिक वय’ही होते.

८/ ही कसोटी आपल्याकडेही आली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषांतर पुरेसे नव्हते. प्रश्न इथल्या मुलांच्या अनुभवविश्वाशी जुळवावे लागले, कोणत्या वयाला कोणता प्रश्न हेही नव्याने ठरवावे लागले. ‘बिने-कामत कसोटी’ भारतात पुढे दीर्घकाळ वापरात राहिली.

९/ आकडे तेच, उपयोग दोन. बिने यांच्या हाती आकडा म्हणजे ‘या मुलाला आज कुठून शिकवायला सुरुवात करावी’ याचे उत्तर होते. त्यांच्यानंतर तोच आकडा ‘याला शिकवून उपयोग काय’ असे विचारण्यासाठी वापरला गेला. कोणत्याही परीक्षेचा इतिहास वाचताना एवढे अवश्य पाहावे: निकाल लागल्यावर त्या मुलाच्या वाट्याला अधिक शिक्षण आले, की कमी?